याकुत्स्क ते वळिवडे : सुटकेच्या दोन वाटा

सोव्हिएत श्रमछावण्यांतून सुटून हिंदुस्थानात पोहोचलेल्या पोलिश कैद्यांचा माग काढू गेल्यास दोन वाटा समोर येतात. पहिली वाट याकुत्स्कजवळच्या बर्फाळ छावणीचे कुंपण ओलांडून निघते आणि बैकल सरोवर, मंगोलिया, गोबीचे वाळवंट, तिबेट व हिमालय पायी पार करून हिंदुस्थानच्या सरहद्दीवर उतरते. तिच्यावर पुस्तक झाले, चित्रपट निघाला आणि तिच्या खुणा धुंडाळत साहसप्रिय प्रवासी सैबेरियापासून कोलकात्यापर्यंत जाऊनही आले. दुसरी वाट आगगाडीचे मालडबे, कॅस्पियन समुद्रावरची गच्च भरलेली जहाजे, इराणातले तंबू आणि कराची बंदर असे टप्पे घेत कोल्हापूरशेजारच्या वळिवडे गावी येऊन थांबते. पहिल्या वाटेला सांगणाऱ्याच्या शब्दाखेरीज फारसा आधार नाही, तर दुसरीचा पुरावा याद्या, दाखले, छायाचित्रे आणि कबरींवरची नावे यांच्या रूपाने जागोजागी पडलेला आहे. तरीही प्रसिद्धी पहिलीच्याच वाट्याला आली, आणि दुसरीचे शेवटचे स्थानक महाराष्ट्रात असूनही कोल्हापूर परिसराबाहेर, विशेषतः मराठवाड्यात, ते फारसे कोणाच्या कानावर नाही.

या दोन्ही वाटांचे मूळ एकाच घटनेत आहे. २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला, त्याला पोलंडची वाटणी ठरवणारे एक गुप्त परिशिष्ट जोडलेले होते, आणि त्यानुसार १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन फौजा व १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. बीड जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून ध्वजवंदनाचा दिवस आहे. १९४८ साली निजामी राजवट संपली तो हा दिवस, आणि बरोबर नऊ वर्षे आधी याच तारखेला पूर्व पोलंडमधील माणसांची मुक्ती संपली होती. योगायोगाला इतिहासात अर्थ नसतो, पण तारीख लक्षात ठेवायला तो उपयोगी पडतो.

ताब्यात आलेल्या प्रदेशातील लोकांची सोव्हिएत सत्तेने जी विल्हेवाट लावली तिचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत, कारण सुटकेच्या कहाण्यांत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला प्रकार सरळ हत्येचा: ५ मार्च १९४० च्या निर्णयानुसार सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस आणि सुशिक्षित कैदी गोळ्या घालून मारण्यात आले, ज्याला कातिन हत्याकांड म्हणतात. दुसरा प्रकार श्रमछावणीचा, म्हणजे ज्याला ‘राजकीय गुन्हेगार’ ठरवले त्याला दंडसंहितेच्या ५८ व्या कलमाखाली वर्षानुवर्षांची सक्तमजुरी ठोठावून गुलागच्या एखाद्या छावणीत पाठवणे. गुलाग हे खरे पाहता छावण्यांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचे संक्षिप्त नाव, जे पुढे साऱ्या व्यवस्थेलाच चिकटले. तिसरा प्रकार हद्दपारीचा, आणि आकड्याने तो सर्वांत मोठा: फेब्रुवारी, एप्रिल आणि जून १९४० तसेच मे-जून १९४१ अशा चार लाटांत वसाहतदार शेतकरी, वनखात्यातील नोकर, अटकेतील माणसांची बायका-मुले आणि पश्चिमेकडून पळून आलेले निर्वासित यांना घरातून उचलून मालडब्यांत कोंबण्यात आले व उत्तर रशिया, सैबेरिया किंवा कझाकस्तानात नेऊन सोडण्यात आले. सोव्हिएत दप्तरानुसार अशा हद्दपारांची संख्या सुमारे ३ लाख २० हजार होती, तर पूर्वीचे पोलिश अंदाज दहा लाखांच्याही पुढे जात असत.

हद्दपारांना तुरुंगाचे कुंपण नसे. त्यांना ‘विशेष वसाहत’ म्हणजे जंगलातील लाकूडतोडीची वस्ती किंवा सामुदायिक शेत नेमून दिले जाई, आणि कमांडंटच्या परवान्याशिवाय तेथून हलता येत नसे. छावणीत काय किंवा वसाहतीत काय, माणसाला बांधून ठेवणारी खरी साखळी भाकरीची होती. दिवसाच्या कामाचे एक ठरावीक माप असे, ते पूर्ण करणाऱ्याला पुरी भाकरी मिळे आणि न करणाऱ्याला कमी. कमी भाकरीवर दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी होई आणि त्या हिशेबाने तिसऱ्या दिवशी भाकरी त्याहून घटे. एकदा या उतरंडीला लागलेला माणूस बहुधा परत वर येत नसे. पहारेकऱ्यांपेक्षा हे गणित स्वस्त पडत होते.

अशा ठिकाणाहून पळून जाणे शक्य होते का, या प्रश्नाचे उत्तर छावणीच्या भिंतीत शोधण्यापेक्षा नकाशात शोधावे लागते. सोलोव्हेत्स्की बेटांच्या छावणीव्यवस्थेतून १९२५ साली सोझेरको मालसागोव्ह आणि त्याचे साथीदार निसटले, १९३४ साली सोलोनेविच बंधू कारेलियातून निसटले, आणि या दोन्ही वेळी पळालेले लोक फिनलंडमध्ये पोहोचले, कारण फिनलंडची सरहद्द जंगलातून चालत गाठता येण्याइतकी जवळ होती. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने बीड भागातील माणसे निजामाची हद्द ओलांडून नगर-सोलापूरच्या बाजूला जाऊ शकली ती याच कारणाने: पलीकडे आपली माणसे होती आणि वाट काही रात्रींची होती. याकुत्स्कच्या कैद्याला यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. सर्वांत जवळची परकी सरहद्द शेकडो कोसांवर, मधल्या प्रदेशात वस्ती विरळ, जी वस्ती आहे तिला फरारी पकडून दिल्याबद्दल बक्षिसाची लालूच, आणि १९३२ पासून देशांतर्गत पारपत्राची सक्ती असल्याने कागदाविना फिरणारा माणूस पहिल्याच रेल्वे स्थानकावर उघडा पडणारा. हिवाळ्यात पाऊलखुणा बर्फात उमटत, उन्हाळ्यात दलदल आणि डास वाट अडवत. शिवाय पळणाऱ्याने शिदोरी कोठून आणायची, हा प्रश्न सर्वांत आधीचा.

नेमकी अशीच अशक्यप्राय वाट स्वाव्होमिर राविच याने आपली म्हणून सांगितली. पूर्व पोलंडमधील पिन्स्क येथे १९१५ साली जन्मलेला हा घोडदळातील अधिकारी युद्धानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि १९५६ साली रोनाल्ड डाउनिंग या पत्रकाराच्या लेखणीतून त्याचे ‘द लाँग वॉक’ हे पुस्तक बाहेर आले. त्यातील कथनानुसार राविचला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, याकुत्स्कजवळच्या छावणीतून एप्रिल १९४१ मध्ये तो सहा साथीदारांसह बर्फाच्या वादळात निसटला, वाटेत त्यांना एक पोलिश मुलगी येऊन मिळाली, ती आणि एक साथीदार गोबीच्या वाळवंटात दगावले, आणि सुमारे साडेसहा हजार किलोमीटर चालून १९४२ च्या मार्चमध्ये उरलेल्यांपैकी चौघे हिंदुस्थानात पोहोचले. पुस्तक अनेक भाषांत गेले. हिमालयात दोन यती दिसल्याचा उल्लेखही त्यात आहे, आणि संशयाला तेथून सुरुवात झाली असली तरी खरी गोम यतीत नव्हती.

मध्य आशियाचा प्रवास केलेला पीटर फ्लेमिंग आणि गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी पुस्तक आल्याबरोबरच शंका घेतल्या होत्या. दिवसेंदिवस पाण्याविना गोबी ओलांडणे, तिबेटच्या पठारावर पुरेशा कपड्यांशिवाय हिवाळा काढणे आणि एवढ्या लांबच्या पल्ल्यात ओळखता येईल असे एकही गाव किंवा खिंड नावानिशी न सांगणे हे जाणकारांच्या गळी उतरत नव्हते. या संदर्भात तुलनेला एक चोख उदाहरण आहे, तेही उलट दिशेचे. डेहराडूनच्या ब्रिटिश स्थानबद्धता छावणीतून हाइनरिक हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक २९ एप्रिल १९४४ रोजी पळाला आणि तिबेटची राजधानी ल्हासा त्याने गाठली ती जानेवारी १९४६ मध्ये. हारर हिमालयासाठीच तयार झालेला माणूस होता, सैबेरिया आणि गोबी त्याच्या वाटेत नव्हते, तरी त्याला वीसेक महिने लागले. राविचच्या उपाशी टोळीने याच्या कित्येक पट अंतर वर्षभराच्या आत कापले, असे मानायचे तर शारीरिक क्षमतेची सारी मापे बाजूला ठेवावी लागतात.

निकाल मात्र तर्काने लागला नाही, कागदांनी लागला. २००६ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी चाललेल्या शोधात, लिंडा विलिस या अमेरिकन संशोधिकेने मिळवलेली कागदपत्रे पुढे आली, आणि त्यांत राविचच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील निवेदनाचाही समावेश होता. त्यांनुसार तो पळालाच नव्हता. १९४२ साली इतर हजारो पोलिश कैद्यांप्रमाणे माफीच्या हुकमाखाली सुटून तो इराणात पोहोचला होता. राविच २००४ मध्येच वारला असल्याने त्याला उत्तर देण्याची संधी राहिली नव्हती. पुढे विटोल्ड ग्लिन्स्की नावाच्या दुसऱ्या पोलिश माणसाने ही कहाणी मुळात आपली असल्याचे सांगितले, पण तोही दावा तपासात टिकला नाही. सैबेरियातून चालत आलेल्या तीन खंगलेल्या माणसांची आपण १९४२ मध्ये कोलकात्यात चौकशी केली होती, असे रूपर्ट मेन या ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकाऱ्याने सांगून ठेवले आहे. ही साक्ष अगदी फेटाळण्यासारखी नाही, मात्र तिला जोड देणारा कागद मिळालेला नाही, आणि तोवर तिला शक्यतेपलीकडे मान देता येत नाही. फ्रेंच लेखक सिल्व्हें तेसों २००३ मध्ये याच मार्गाने निघाला आणि सैबेरियापासून बंगालपर्यंत आला, २०१० मध्ये पीटर वीअरने या कथेवर ‘द वे बॅक’ हा चित्रपट काढला. पण आज कोणी एखादी वाट चालून दाखवली म्हणून तेव्हा कोणी तरी ती चालले होते असे सिद्ध होत नाही.

राविच खरोखर ज्या वाटेने बाहेर पडला ती लंडनमधील एका मेजावर उघडली गेली. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि काल वाटणी करून खाणाऱ्या दोघांतला एक एकाएकी पोलंडच्या दोस्तांचा दोस्त झाला. ३० जुलैला लंडनस्थित पोलिश निर्वासित सरकारचे प्रमुख जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करारावर सह्या केल्या, १२ ऑगस्टला पोलिश नागरिकांना माफी देणारा हुकूम निघाला, आणि मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून नुकतेच सुटलेले जनरल व्वादिस्वाव आंदर्स सोव्हिएत भूमीवर पोलिश फौज उभारू लागले. त्या वेळच्या सोव्हिएत नोंदींनुसार सुटकेस पात्र ठरलेल्या पोलिश नागरिकांची संख्या सुमारे ३ लाख ९० हजार होती.

सुटका म्हणजे हातात एक दाखला आणि छावणीचे उघडे फाटक, एवढेच. पुढचा प्रवास ज्याचा त्याने करायचा होता. फौजेचे पहिले ठाणे व्होल्गापलीकडे बुझुलुक येथे होते, आणि १९४२ च्या आरंभी ते दक्षिणेस उझबेकिस्तानात, ताश्कंदजवळच्या यांगी-युल येथे हलवले गेले, तेव्हा उत्तरेतील जंगलांतून आणि कझाकस्तानच्या माळांवरून माणसांचा ओघ दक्षिणेकडे वळला. हा ओघ त्याच दिशेने का गेला हे रेल्वेचा नकाशा पाहिल्यावर कळते: झारच्या काळात टाकलेला ओरेनबुर्ग-ताश्कंद लोहमार्ग आणि ताश्कंदपासून समरकंद, अश्गाबात यांवरून कॅस्पियनकाठच्या क्रास्नोव्होद्स्क बंदरापर्यंत जाणारा लोहमार्ग, या दोन रुळांवरच त्या विस्तारातल्या प्रवासाची मुख्य भिस्त होती. गाड्या आठवडे घेत, स्थानकांवर भाकरी मिळेलच असे नसे, आणि उत्तरेतील थंडीतून वाचलेली कित्येक माणसे उझबेकिस्तानात, म्हणजे सुटकेनंतर, टायफसने गेली. टायफस हा आपल्याकडच्या टायफॉइडहून अगदी वेगळा रोग आहे. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, तर साथीचा टायफस अंगावरच्या उवांमार्फत पसरतो आणि म्हणूनच गर्दी, थंडी व न बदललेले कपडे हे त्याचे माहेर असते.

सोव्हिएत सरकार फौजेला पुरेसे रेशन देईना, आंदर्स अर्धवट शिधा नागरिकांशी वाटून घेऊ लागले, आणि शेवटी फौजेला इराणात जाऊ द्यायचे ठरले. १९४१ च्या ऑगस्टपासून इराण ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजांच्या ताब्यात असल्याने हे शक्य झाले. मार्च-एप्रिल १९४२ आणि ऑगस्ट १९४२ अशा दोन खेपांत क्रास्नोव्होद्स्कहून पहलवी बंदरात, म्हणजे आजच्या बंदर-ए-अंझलीत, सुमारे १ लाख १५ हजार माणसे उतरली. त्यांत जवळपास ३७ ते ४० हजार नागरिक होते आणि त्यांतही बायका-मुले अधिक. सुटकेस पात्र ठरलेल्यांच्या तुलनेत हा आकडा एक तृतीयांशाहूनही कमी आहे, आणि पुढील वर्षी कातिनची थडगी उजेडात आल्यावर २५ एप्रिल १९४३ रोजी सोव्हिएत सरकारने पोलिश सरकारशी संबंध तोडले तेव्हा मागे राहिलेल्यांची वाट बंद झाली.

पहलवीच्या वाळूवर तंबूंची दोन शहरे वसवण्यात आली होती, एक रोग्यांचे आणि दुसरे निर्जंतुक झालेल्यांचे. उतरणाऱ्या प्रत्येकाचे केस भादरले जात, अंगावरच्या चिंध्या जाळल्या जात आणि अंघोळ घालून नवे कपडे दिले जात. मरणाने तेथेही पाठ सोडली नाही, आणि या वेळी निमित्त झाले अन्नाचे: दीर्घ उपासमारीनंतर शरीरातील क्षारांचा तोल इतका नाजूक झालेला असतो की एकदम भरपेट आणि स्निग्ध जेवण मिळाल्यास हृदय व आतडी ते पेलू शकत नाहीत. मटणाचा रस्सा खाऊन माणसे दगावत होती. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत या पोलिशांच्या दीड हजारांहून अधिक कबरी आहेत.

हिंदुस्थानात येणारी पहिली तुकडी या समुद्रवाटेने आलीच नाही. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांच्या पुढाकाराने मदतसामग्री घेऊन मालमोटारींचा तांडा अश्गाबातपर्यंत गेला होता, आणि परतताना त्याने अनाथ मुलांना आणले: अश्गाबातहून डोंगर ओलांडून मशहद, तेथून झाहेदान, क्वेट्टा, दिल्ली आणि मुंबई. मुलांचा काही काळ मुक्काम वांद्र्याला झाला आणि १९४२ च्या उन्हाळ्यानंतर त्यांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे उभारलेल्या छावणीत नेण्यात आले. क्षयाची बाधा झालेल्या पोलिश मुलांसाठी पाचगणीच्या कोरड्या हवेत आरोग्यधाम चालवले गेले. इराणात थांबलेल्या कुटुंबांना मात्र तेथून हलवणे भाग होते, कारण इराणात धान्याची टंचाई होती आणि सोव्हिएत फौजा शेजारीच होत्या. त्यांना पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाइन, मेक्सिको, न्यूझीलंड अशा ठिकाणी विखरून पाठवण्यात आले आणि जे हिंदुस्थानच्या वाट्याला आले ते कराचीच्या कंट्री क्लब छावणीत तात्पुरते थांबून रेल्वेने कोल्हापूरकडे निघाले. पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग तेव्हा मीटरगेजचा होता. १९४३ च्या जूनमध्ये पहिले पोलिश प्रवासी वळिवडे स्थानकावर उतरले.

कोल्हापूरपासून काही मैलांवर, पंचगंगेच्या खोऱ्यात, रेल्वेमार्गालगत वसलेली ही छावणी पाहता पाहता सुमारे पाच हजार वस्तीचे गाव झाली. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौले अशा लांबच लांब बराकी, प्रत्येकीत कुटुंबागणिक पाडलेले गाळे, समोर ओटी, आणि पोलिश बायकांनी त्या ओटीपुढे लावलेली फुलझाडे, हे दृश्य त्या काळच्या छायाचित्रांत वारंवार दिसते. प्राथमिक शाळेपासून माध्यमिक शाळांपर्यंतचे शिक्षण, चर्च, दवाखाना, नाटकमंडळी, बालवीर पथके असे सारे काही तेथे पोलिश भाषेत चालत होते. व्यवस्था हिंदुस्थान सरकारची, खर्चाचा भार लंडनच्या पोलिश सरकारवर आणि जमीन कोल्हापूर संस्थानातील, अशी विभागणी होती. संस्थानाच्या गादीवर त्या वेळी दत्तक घेतलेले अज्ञान छत्रपती असल्याने राजमाता ताराबाई यांचे पालकमंडळ कारभार पाहत होते, त्यामुळे वळिवड्याचे श्रेय जामसाहेबांच्या धर्तीवर एकाच राजाला देण्याची अलीकडची पद्धत इतिहासाला धरून नाही. या वसाहतीत पुरुष कमी होते. जे धडधाकट होते ते आंदर्सच्या फौजेत गेले होते आणि मे १९४४ मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोला लढत होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर आंदर्सच्या याच फौजेसह जी ब्रिटिश आठवी सेना पुढे सरकली, तिच्यातच मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

वळिवड्याचा विचार तेथील कुंपणाच्या आत थांबवला तर गोष्ट गोड होते, पण अर्धी राहते. पहिले पोलिश लोक येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, २४ जुलै १९४३ रोजी, तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंग वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडला. भर दिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून हे राजबंदी तटावर चढले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि पुराने फुगलेल्या कृष्णेकडे धावले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव यांना मरण आले, वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली व ते पुन्हा पकडले गेले. पुढच्या वर्षी नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले. म्हणजे एका परक्या राजवटीच्या राजबंद्यांना आसरा देणारे सरकार त्याच टापूत स्वतःच्या राजबंद्यांवर गोळ्या झाडत होते, आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये याच सरकारच्या अमलाखाली लाखो माणसे भुकेने मरत होती. पोलिश बायका-मुलांचा यात काही दोष नव्हता, परंतु कोल्हापूर-साताऱ्यातील लोकांनी त्यांची छावणी पाहिली असेल ती या पार्श्वभूमीवर.

राजकीय सोयीचा हा पेच एवढ्यावर संपत नाही. ब्रिटनला सोव्हिएत मैत्री जपायची असल्याने कातिनविषयी आणि श्रमछावण्यांविषयी मोठ्याने बोलणे त्याला नको होते. हिंदुस्थानातील कम्युनिस्टांनी जर्मन हल्ल्यानंतर युद्धाला लोकयुद्ध मानले होते आणि डाव्या वर्तुळांत सोव्हिएत छावण्यांच्या हकिकती भांडवलशाही अपप्रचार म्हणून बाजूला सारल्या जात. परिणामी वळिवड्यातील पाच हजार साक्षीदारांची साक्ष ऐकायला कोणीच मोकळे नव्हते. सातारा-सांगली भागात प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील त्या वर्षांत भूमिगत होते, त्यांना ब्रिटिश अखेरपर्यंत पकडू शकले नाहीत, आणि हेच नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले व १९६७ मध्ये बीड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. बीडच्या शेतकऱ्याने त्यांना मत दिले ते जमीन, दुष्काळ आणि महागाई यांच्या प्रश्नांवर. सैबेरिया त्या हिशेबात कोठेच नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. उलट शीतयुद्ध पेटल्यावर, १९५६ मध्ये, पश्चिमेला सोव्हिएत छावणीची गोष्ट हवीशी झाली, पण तेव्हा मागणी होती ती कुंपण तोडून पळालेल्या एकट्या वीराची. राविचने ती पुरवली. रांगेत उभे राहून दाखला घेणाऱ्या, पोरांना मालडब्यात निजवणाऱ्या आणि पहलवीच्या वाळूवर केस भादरून घेणाऱ्या बायकांची गोष्ट त्या मापात बसत नव्हती.

युद्ध संपल्यावर वळिवड्याच्या रहिवाशांना परतायला घर उरले नव्हते. १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले, त्यामुळे त्यांची गावे आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात मोडतात; जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनचे पोलिश सरकार, म्हणजेच छावणीचा पोशिंदा, कागदावर नाहीसे झाले. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. ज्यांचे पती, वडील किंवा भाऊ आंदर्सच्या फौजेत होते त्यांच्यापैकी बहुतेक ब्रिटनला गेले, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेत, थोडे पोलंडला, आणि काही मुली इथल्या तरुणांशी लग्न करून इथेच राहिल्या. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित वसवण्यात आले. ज्या कराचीतून पोलिश कुटुंबे आली होती त्याच प्रांतातून ही कुटुंबेही आली होती, आणि त्यांनी त्या जागेचे गांधीनगर केले. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी ते पश्चिम महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे.

सोव्हिएत दप्तरे १९९० नंतर काही प्रमाणात खुली झाल्यामुळे या वाटेचा अभ्यास आता दोन्ही टोकांकडून करता येतो. एका टोकाला हद्दपारांच्या याद्या आहेत, ज्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव, उचलल्याची तारीख आणि नेमून दिलेली वसाहत सापडू शकते. दुसऱ्या टोकाला छावण्यांच्या नोंदी आणि हिंदुस्थानात राहून गेलेल्या पोलिशांच्या लंडनमधील मंडळाने जमवलेल्या आठवणी व छायाचित्रे आहेत. अनुराधा भट्टाचार्जी यांच्या २०१२ सालच्या इंग्रजी पुस्तकात या संपूर्ण प्रकरणाची मांडणी झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली तेव्हा अनेक मराठी वृत्तपत्रांतून वळिवड्याची आठवण पुन्हा निघाली. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिशांनी उभारलेला स्मारकस्तंभ आहे, शहरात त्यांची दफनभूमी आहे, आणि मिरज-कोल्हापूर मार्गावर वळिवडे हे स्थानक अजून आहे. मराठीत मात्र या वाटेचा सलग, कागदपत्रांच्या आधाराने लिहिलेला इतिहास व्हायचा असेल तर संस्थानी दप्तराचा उपयोग त्यात मोठा आहे, कारण बराकींसाठी जागा, धान्याचे रेशन, पाणीपुरवठा आणि बाजारातील व्यवहार यांविषयी स्थानिक कारभाऱ्यांनी काय लिहून ठेवले ते लंडन वा वॉर्साच्या कागदांत सापडणारे नाही.